घरच्यांचे आभार

आमच्या गावच्या आइस हॉकी संघाने आपल्या जुन्या खेळाडूंचा आणि कर्मचाऱ्यांचा सत्कार केला, तेव्हा कोणाकोणाला बोलवायचं याची यादी मी केली होती. त्या यादीत एक नाव नव्हतं. विसरले असते तर निदान वयावर ढकलता आलं असतं. पण मी ते नाव पूर्ण शुद्धीत, विचार करून वगळलं होतं, आणि वगळताना आपण फार योग्य वागतोय असंच मला वाटत होतं. ते नाव माझ्या शेजाऱ्यांचं. त्यांना त्या संध्याकाळी एवढंच हवं होतं की रिंकच्या स्पीकरवरून आपलं नाव एकदा मोठ्याने घेतलं जावं आणि ते आपल्या मुलीने ऐकावं. मला हे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही, कारण त्यांनी ते मला त्यांच्या पद्धतीने सांगितलं होतं.

शॉमबर्गहून पश्चिमेला पाऊण तास गाडी हाकली की हे गाव लागतं. इथला संघ टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खालचा. वीस-बावीस वर्षांची पोरं कॅनडातून, मिनेसोटातून येतात, दोन हिवाळे खेळतात, एखाददुसरा वर जातो आणि बाकीचे घरी परतून इन्शुरन्स विकतात किंवा शाळेत शिकवतात. प्रेक्षक बहुतेक गावचेच. सामन्याच्या दोन्ही मध्यंतरांत लहान मुलांच्या शर्यती असतात आणि पिझ्झाची कुपनं वाटतात. आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना हे सगळं सांगितलं की ते "अच्छा, अच्छा" म्हणतात आणि क्रिकेटकडे वळतात.

मी मूळची नागपूरची. माझा आणि बर्फाचा संबंध तोवर रसवंतीपुरता. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. नवरा म्हणतो, ही सवय मी घरीही सोडत नाही. ते खरं आहे.

आम्ही या घरात राहायला आलो त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या लोकांची एक जेवणाची पार्टी होती. शेजारचे उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ एका टेबलाशी बसून सोडतीची तिकिटं वाटत होते आणि कोणाला कितवं दिलं ते वहीत लिहीत होते. मी माझं तिकीट घेतलं, वहीकडे पाहिलं आणि म्हटलं, "तुम्ही सतरा नंबर दोनदा लिहिलाय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. विचारलं, काम काय करतेस? मी म्हटलं, लोकांच्या चुका शोधते. ते म्हणाले, "ऑक्टोबरपासून शनिवारी संध्याकाळी मोकळी असतेस का?"

ते त्या संघाचे स्कोअरर होते, संघ सुरू झाला त्या दिवसापासून. गोल कोणी केला, कोणाच्या पासवरून केला, कितव्या मिनिटाला, कोणाला किती मिनिटं बाहेर बसवलं, हे सगळं अधिकृत पानावर लिहिणारा माणूस तो. त्यांची नजर अधू झाली होती आणि पलीकडच्या टोकाला खेळाडूच्या पाठीवरचा नंबर दिसेनासा झाला होता. त्यांना डोळे हवे होते. मी त्यांच्या शेजारी बसून नंबर सांगायला लागले. मला खेळ कळत नव्हता ही गोष्ट त्यांना आवडली. खेळ कळणारी माणसं, ते म्हणायचे, जे व्हायला हवं होतं ते बघतात.

आमच्या बाकावर आनंदाने ओरडायला, टाळ्या वाजवायला बंदी. आपल्या संघाने शेवटच्या क्षणी गोल मारला, तीन हजार माणसं उभी राहून किंचाळतायत आणि आपण मान खाली घालून वेळ लिहायची. मला हे फार जमलं. मी तशी कोरडीच आहे. दोन हिवाळ्यांनंतर त्यांनी पेन माझ्या हातात दिलं, स्वतः मागे बसायला लागले आणि पुढे तेही थांबवलं. त्याला आता नऊ वर्षं झाली.

त्यांना मी काका म्हणायचे. पंचाहत्तरीच्या माणसाला नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमेना. त्यांनी एकदा अर्थ विचारला, मी सांगितला. वडिलांचा भाऊ. ते म्हणाले, "मला भाऊच नव्हता, त्यामुळे मी कोणाचाच काका नव्हतो." मग माझ्या नवऱ्यालाही त्यांनी बजावलं की मलाही काका म्हणायचं. आमच्याकडे गणपतीत ते सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसायचे, उकडीचे मोदक चमच्याने खायचे आणि आलेल्या प्रत्येकाला तू कुठला, पुण्याचा की नागपूरचा, असं आम्ही विचारतो तसंच विचारायचे. ते आमचे झाले होते. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे.

मागच्या वर्षी संघाच्या ऑफिसातली मुलगी मला भेटायला आली. तिथली माणसं दर दोन वर्षांनी बदलतात. ही जेमतेम पंचविशीची, दोनच महिन्यांपूर्वी लागलेली, उत्साही आणि गोंधळलेली. संघाचा वर्धापनदिन होता आणि एका शनिवारी जुने खेळाडू, जुने प्रशिक्षक, जुना स्टाफ अशा सगळ्यांना बर्फावर बोलवून त्यांचा सत्कार करायचा होता. फक्त ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं की जुने म्हणजे कोण. कंप्युटरवरच्या नोंदी अलीकडच्या. त्याआधीचं सगळं कागदावर, आणि कागद काकांच्या तळघरात. मी म्हटलं, यादी मी करून देते. चुका काढणाऱ्या बाईने केलेली यादी म्हटल्यावर तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून जानेवारीपर्यंत दर रविवारी दुपारी काका एकेक खोकं घेऊन आमच्या स्वयंपाकघरात यायचे. मी चहा टाकायचे. ते पिवळे पडलेले कागद एकामागून एक उलटायचे आणि नावं सांगायचे, मी लॅपटॉपवर टाइप करायचे. ज्याने एकच सामना खेळला तोही घ्यायचा, हा त्यांचा आग्रह. एका मुलाने फक्त दहा मिनिटं खेळून खांदा मोडून घेतला होता. मी त्याला वगळायच्या बेतात होते. ते म्हणाले, "त्या दहा मिनिटांसाठी तो आयुष्यभर पहाटे चारला उठला होता. लिही." मी लिहिलं.

खेळाडू संपल्यावर स्टाफ. हे कागदावर कुठेच नव्हतं, सगळं त्यांच्या डोक्यात. जर्सीवर नावं शिवणारी बाई. जखमा शिवणारा दाताचा डॉक्टर, हो, दाताचाच, कारण तोच तेवढा जवळ राहायचा. बर्फ सारखा करणारं मशीन चालवणारे दोघे भाऊ. अस्वलाचा पोशाख घालून नाचणारा ग्रंथपाल. बारा वर्षं संघाची बस चालवणारा माणूस, जो हरलेल्या रात्री रेडिओ लावायचा नाही. काकांना सगळ्यांची नावं पाठ होती, कोण गेलं, कोण कुठे राहतं तेही. कोणाचा पत्ता लागला नाही तर ते फोन घेऊन बसायचे, या गावात विचार, त्या चर्चमध्ये विचार. बसवाला आठव्या फोनला सापडला. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून दुसरा कप चहा मागितला.

अशाच एका रविवारी ते म्हणाले, "माझी मुलगी येतेय. सत्काराच्या दिवशी."

मुलगी अ‍ॅरिझोनात असते. आई गेल्यापासून येणं कमी झालेलं. ती लहान असताना दर हिवाळ्यात दर शनिवारी बाप रिंकवर असायचा, आणि तिचा वाढदिवस फेब्रुवारीतला. एकदा मोठी झाल्यावर तिने त्यांना सुनावलं होतं की परक्या पोरांचे वाढदिवस तुला पाठ आहेत, माझ्या एकाही वाढदिवसाला तू केक कापेपर्यंत थांबला नाहीस. हे त्यांनी मला काही वर्षांपूर्वी एकदाच सांगितलं होतं, आणि नंतर विषय बदलला होता. आता ते कागदांवरून नजर न काढता म्हणाले, "ती कधीच रिंकवर आली नाही. या वेळी येते म्हणाली. तिला बघू दे."

मी म्हटलं, "मस्तच की, काका. तिला चांगली जागा ठेवायला सांगते." आणि पुढचं नाव विचारलं.

आता माझ्या डोक्यात काय होतं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी मंडळात शिरायला हवं. आमच्या मराठी मंडळाची मी सहा वर्षं सेक्रेटरी होते. कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन माझ्याकडे. बाहेरून पाहणाऱ्याला हे सोपं वाटतं, पण ती तारेवरची कसरत असते. एकदा साउंडवाल्याचं नाव राहिलं तर त्याचं कुटुंब दिवाळीला आलं नाही. म्हणून हॉल देणारे, फुलं आणणारे, पार्किंगमध्ये उभे राहिलेले, सगळ्यांची नावं घ्यायची आणि शेवटी "अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व" म्हणून मोकळं व्हायचं. मात्र एक नियम कोणी न सांगता सगळ्यांना ठाऊक असतो. घरच्यांचे आभार मानायचे नसतात. माझा नवरा दर वर्षी ट्रक भाड्याने घेऊन मखर आणायचा, पन्नास खुर्च्या उचलायचा, शेवटचा झाडू मारायचा. त्याचं नाव मी माइकवरून एकदाही घेतलं नाही. पुण्याहून नव्यानेच आलेल्या एका मुलीने एकदा माइकवर नवऱ्याला थँक्स म्हटलं, तर मागच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर नसताना पदर लावल्यासारख्या हसल्या. आभार मानले की माणूस परका होतो, असं आपलं शास्त्र. "तुमचे आभार मानून मी तुम्हाला परकं करणार नाही," हे वाक्य आपल्याकडे आभारापेक्षा मोठं.

यादी पुरी झाली तेव्हा ऑफिसातल्या मुलीने ती वरून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "अजून कोणी राहिलं का?"

काकांचं नाव माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. आणि मी ते बाजूला ठेवलं. एक कारण तांत्रिक होतं: स्कोअरर लीगचा माणूस धरतात, संघाचा स्टाफ नाही. पण दाताचा डॉक्टर तरी कुठे स्टाफ होता? खरं कारण दुसरं. यादी त्यांनी आणि मी केली होती, म्हणजे सत्कार करणाऱ्यांत आम्ही होतो. यजमानाने स्वतःच्या घरच्या माणसाला पाटावर बसवायचं आणि वर त्याचा सत्कार करायचा, हे मला ओशाळवाणं वाटलं. शिवाय त्यांनी काय केलंय ते सगळ्यांना दिसतच होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी त्या मुलीला म्हटलं, "नाही. एवढेच."

त्यांच्यासाठी मी वेगळं काही ठरवलं होतं, आणि त्याचा मला अभिमानही होता. स्कोअररच्या बाकावर बाहेरच्या माणसाला बसू देत नाहीत. मी लीगच्या माणसाला दोन ईमेल करून खास परवानगी काढली आणि काकांसाठी माझ्या शेजारी एक घडीची खुर्ची मांडून घेतली. घरच्या माणसाची जागा ही अशी, आपल्या बाजूला. याहून मोठा मान मला सुचत नव्हता.

त्या शनिवारी दुपारी मी त्या दोघांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. मुलगी पन्नाशीची, बापासारखीच उंच, बोलायला बरी. काकांनी केस कापून घेतले होते. अंगावर निळा कोट आणि नवा टाय. मी म्हटलं, "काका, एकदम स्मार्ट दिसताय," तर ते लाजले. रिंकवर पोचल्यावर मुलीला समोरच्या बाजूला, बर्फाला लागून पहिल्या रांगेत जागा होती. आम्ही दोघं बाकावर गेलो. चालताना त्यांच्या बुटांचा कर्रकर्र आवाज येत होता. मी खाली पाहिलं नाही. कागद मांडायचे होते, घड्याळ जुळवायचं होतं.

सामन्याच्या आधी दिवे मंद केले आणि बर्फावर लाल गालिचा अंथरला. सध्याचा संघ निळ्या रेषेवर ओळीने उभा राहिला. निवेदक आमच्याच बाकावर, माझ्या डाव्या हाताला बसतो. तो माझ्या यादीतून एकेक नाव वाचायला लागला. आधी खेळाडू, मग प्रशिक्षक, शेवटी स्टाफ, प्रत्येक गट आडनावाच्या अक्षरांच्या क्रमाने. आलेले लोक गालिच्यावरून चालत मध्यापर्यंत जायचे. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, कोणी लंगडणारे, कोणी कडेवर नातू घेतलेले. प्रत्येकासाठी उभ्या संघातली पोरं काठ्या बर्फावर आपटायची. त्यांच्याकडे टाळ्यांपेक्षा याला जास्त मान. काका आता अधिकृत माणूस नव्हते, त्यामुळे त्यांना टाळ्या वाजवायची मुभा होती. ते प्रत्येक नावाला वाजवत होते. दहा मिनिटंवाला मुलगा आला होता, आता चाळिशीचा. त्याला पाहून ते खुर्चीतून अर्धे उठले.

समोर मुलगी फोन उभा धरून शूटिंग करत होती. मला वाटलं, किती हौशी आहे. हात दुखेल हिचा.

स्टाफ सुरू झाला. मशीनवाले भाऊ, डॉक्टर, ग्रंथपाल. जर्सी शिवणारी बाई चाकांच्या खुर्चीत होती, तिला तिच्या नातीने ढकलत नेलं. सर्वांत शेवटी बसवाला. तो मध्यावर पोचला, सगळ्यांनी मिळून फोटो काढला, दिवे पुन्हा लागले आणि लोक गालिचा गुंडाळायला आले.

काकांचे हात अजून टाळीसाठी वर धरलेलेच होते. ते त्यांनी खाली घेतले. थोडा वेळ गालिच्याकडे पाहत राहिले. मग वाकून बुटांवरून काहीतरी काढायला लागले. तेव्हा मी पाहिलं. बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटांवर चढवायच्या, खालून टोकं असलेल्या रबरी पट्ट्या होत्या त्या. नव्या कोऱ्या, एकीला अजून किमतीची चिठ्ठी होती. त्यांनी एक काढली, मग दुसरी, दोन्ही कोटाच्या खिशात घातल्या आणि ताठ बसले.

बाकावरून बर्फावर जायला एक छोटं दार असतं. पट्ट्या त्या दारापासून गालिच्यापर्यंतच्या सात-आठ पावलांसाठी होत्या. इतक्या वर्षांत मी त्या बाकावर कधी हललेली नव्हते, पण त्या क्षणी मला उठून निवेदकाचा माइक ओढावासा वाटला. तेवढ्यात पंचाने पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, बर्फावर टाकला आणि सामना सुरू झाला. सामना सुरू झाला की आमच्या बाकावर कामाशिवाय बोलणं बंद.

चौथ्या मिनिटाला गोल झाला. मी नंबर लिहिला. शेजारून त्यांचा हळू आवाज आला, "एकेचाळीस नाही. चौदा." त्यांना तर पाठीवरचे नंबर दिसतही नाहीत. निवेदकाने काय म्हटलं ते त्यांनी ऐकलं होतं आणि माझा हात काय लिहितोय ते पाहिलं होतं. मी खोडून चौदा केलं. नऊ वर्षांत माझ्या पानावर पहिल्यांदा खाडाखोड झाली.

पहिल्या मध्यंतराला मी ऑफिसातल्या मुलीला गाठलं आणि सांगितलं. तिने दोन्ही हात तोंडावर नेले. "पण मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. विचारलं होतंच. मग तिने लगेच तोडगा काढला. या लोकांचं हे बरं असतं. पुढच्या शनिवारी दुसऱ्या मध्यंतरात दोन मिनिटं देता येतील, शर्यतीनंतर आणि पिझ्झाच्या आधी. मी हो म्हटलं.

परतताना गाडीत काकांची मुलगी म्हणाली, "छान झाला कार्यक्रम." काका म्हणाले, "हो, छान झाला." आमच्या ड्राइव्हवेवर उतरताना त्यांनी मला नेहमीसारखं गुड नाइट म्हटलं. मी घरात येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. बसवाल्यासाठी तुम्ही आठ फोन केलेत यार, आणि शेजारी बसलेल्या माणसाचं नाव नाही?" मी चिडून म्हटलं, "ते घरचे आहेत." तो म्हणाला, "ते तुला माहीत. त्यांना कोणी सांगितलं?" मग तो भांडी लावायला गेला. त्या क्षणी मला त्याचा रागच आला होता.

मुलगी मंगळवारी गेली. बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर मी त्यांच्या घरी गेले. ते स्वयंपाकघरात बसून शब्दकोडं सोडवत होते. मी पुढच्या शनिवारचं सांगितलं: दुसरं मध्यंतर, दोन मिनिटं, फक्त तुमच्यासाठी. माझ्या आवाजात नको तेवढा उत्साह होता.

"थँक यू," ते म्हणाले. "पण नको. ती गेली ना आता."

"व्हिडिओ पाठवू तिला."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी भांडणात चांगली आहे.

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मंडळ, माइक, माझा नवरा, खुर्च्या. आमच्यात आपल्या माणसाचे आभार मानत नाहीत, मानले तर त्याला परकं केल्यासारखं होतं. तुमचं नाव मी विसरले नव्हते, तुम्ही आमचे म्हणून घेतलं नाही. शेजारी बसवलं, ते त्यासाठीच. इंग्रजीत हे सगळं सांगताना ते अर्धवट वाटत होतं, तरी मी नेटाने शेवटपर्यंत बोलले. मला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी त्यांच्या ओट्यावरच्या टोस्टरकडे बघत होते.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी सांगितलेलं ते खरंच समजून घेत होते, गोलाच्या वेळी दोन पंचांचं म्हणणं ऐकून घ्यायचे तसं.

"मग तुमच्या माणसांना कळतं कसं?" त्यांनी विचारलं.

"कळतं," मी म्हटलं.

त्यांनी शब्दकोडं बाजूला सारलं. मग म्हणाले, "खेळाडू संपले तेव्हा मला काही वाटलं नाही. मी खेळाडू नव्हतोच. स्टाफमध्ये माझं अक्षर येऊन गेलं, तेव्हा तिने समोरून माझ्याकडे पाहिलं. मी तिला खूण केली, फोन खाली ठेवू नकोस. मला वाटलं, तू मला शेवटासाठी ठेवलंयस."